येऊन राहिली

२० एप्रिल, रविवार

ही डायरी २०२२ सालची आहे. दीनानाथांना, म्हणजे माझ्या यजमानांना, कुणीतरी दिली होती. जानेवारीतल्या त्यांच्या अक्षरातल्या आठ पानांना मी पिना मारून ठेवल्यात, बाकी सगळी कोरी. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. कोरा कागद वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून छापलेला वार खोडून खरा वार लिहिते आहे. छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. खोडून दुरुस्त करणं हाताच्या सवयीचं आहे.

लिहायला बसण्याचं कारण सुशीलाबाई. म्हणजे माझ्या सुनेच्या, श्रद्धाच्या आई. त्या वर्धा जिल्ह्यात आर्वीला असतात. सकाळी श्रद्धा पोळ्या लाटत होती म्हणून फोन ओट्यावर, स्पीकरवर. मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. पलीकडून खणखणीत आवाज आला, "चिंता नको करू बाई, मी पुण्याले येऊन राहिली."

येऊन राहिली! क्रियापद मी मनात दोनदा तपासलं. येणं वेगळं आणि येऊन राहणं वेगळं. जे येतात ते पाहुणे. जे येऊन राहतात त्यांचं नाव रेशनकार्डावर चढतं.

"आई येतेय, अहो आई. तुम्हाला चालेल ना?" श्रद्धानं विचारलं. तिच्या आईला ती 'आई' म्हणते आणि मला 'अहो आई'. त्या 'अहो'वर आमचं नऊ वर्षं बरं चाललंय.

"न चालायला काय झालं? घर तुमचंच आहे," मी म्हटलं. पुण्यात हे वाक्य कशासाठी वापरतात ते तिला एव्हाना कळतं. किती दिवसांसाठी, ते मात्र ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

आल्या. दोन बॅगा, तुरीच्या डाळीची गोणी, वर्षाचं तिखट, मुगवड्यांचा डबा आणि स्वतःची उशी. निळ्या चौकड्यांचा अभ्रा घातलेली, कापसाची. चार दिवसांसाठी कुणी उशी आणत नाही. माझी शंका संपली.

दुपारी गॅलरीत दीनानाथांच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्या खुर्चीत आमच्याकडे कुणी बसत नाही. मी नुसतं बघितलं. पुण्यात तेवढ्यानं माणूस उठतो. त्या हसल्या आणि पाय लांब केले.

"गरम होतंय ना?" मी म्हटलं.

"ह्याले गरम म्हन्ता? ईनबाई, आमच्याकडं हे सकाळी सातचं ऊन." त्यांच्याकडे विहीणबाईची ईनबाई होते. मग म्हणाल्या, "दिवसभर काय करून राहिल्या तुम्ही घरी?"

मी सांगितलं. पेपर, देव, स्वयंपाक, नातीचा म्हणजे नंदिनीचा अभ्यास. भाजीची गाडी खाली येते, औषधं वर येतात.

"बाहेर नाई जात?"

"पुण्यात राहणाऱ्यांना पुणं बघायला बाहेर जावं लागत नाही."

ह्यावर त्या खुर्चीत आणखी मागे रेलल्या. मला वाटतं पटलं असावं.

२५ एप्रिल, शुक्रवार

युक्ती सुचली. पाहुणा पुणं बघायला येतो. पुणं बघून झालं की त्याला इथे राहायला कारण उरत नाही. तेव्हा सुशीलाबाईंना पुणं लवकरात लवकर दाखवून संपवायचं! बसून यादी केली. ऊन असेल तर कुठे, पाऊस आला तर कुठे, फुकट काय, लांबचं काय. नंदिनी सात वर्षांची आहे आणि तिला सुट्टी आहे, म्हणून ती कशाला कंटाळेल त्याचा एक वेगळा रकाना. एकूण दहा जागा. महिन्यात उरकेल.

जेवताना यादी वाचून दाखवली. सलिल म्हणाला, "आई, तू जाणार? स्वतः?" मग त्यानं श्रद्धाकडे बघितलं, तिनं त्याच्याकडे, आणि दोघंही ताटातल्या भेंडीत काहीतरी शोधायला लागली. भाजी बरी झाली नसावी.

सुशीलाबाईंनी यादी हातात घेतली आणि बोट ठेवून सावकाश वाचली. "हे सगळंच पाहू जी. एकबी सोडाचं नाई," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन जाळ्यात येतील असं वाटलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

ऊन, आणि फुकट. म्हणून पाताळेश्वरची लेणी. बाहेर जंगली महाराज रस्ता भाजत होता आणि आत दगड गार. नंदिनी फरशीवर आडवी झाली आणि उठेचना. "आजी, हा नॅचरल एसी आहे!" मी माहिती सांगायला सुरुवात केली, तोवर सुशीलाबाई सरळ आत गेल्या, डावीकडच्या एका खांबामागे बसल्या आणि शेजारची जागा हातानं पुसली. "इथं बसा. इथं वारा येते."

खरंच येत होता. नवख्या माणसाला नशिबानं जागा सापडते. मी इथे शेवटची कधी आले होते ते आठवायचा प्रयत्न केला. कॉलेजात असताना बहुतेक. घरी आल्यावर पाय दुखले आणि झोप चांगली लागली. दोन्हींची नोंद करते.

३० एप्रिल, बुधवार

फजिती. दिवसाचा पास काढून, दोन बसा बदलून कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला गेलो, तर बंद. बुधवारी बंद असतं हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी सांगू शकले नाही. रिक्षावाल्यानं ऐकवलं, "मावशी, वाघाला पण सुट्टी लागते." कान लाल झाले माझे. जन्म पुण्यात गेला आणि आर्वीच्या बाईसमोर बंद फाटक दाखवलं.

नंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सुशीलाबाईंनी तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पास आहे ना? मंग बसमधीच फिरू." कात्रजहून निगडीच्या बसमध्ये चढलो, सगळ्यांत पुढच्या सीटवर तिघी. नंदिनीनं माणसांचे प्राणी करायला सुरुवात केली. झोपलेले काका म्हणजे अजगर. फोनवर तावातावानं बोलणारी मुलगी म्हणजे साळुंकी. कंडक्टर वाघ. सुशीलाबाई म्हणजे हत्तीण, ह्यावर त्या इतक्या हसल्या की वाघानं वळून बघितलं.

"आणि मी?" मी विचारलं.

नंदिनीनं विचार केला. "तू कासव. तू घरातच असतेस ना."

निगडीला मुगवड्यांची भाजी आणि पोळी खाल्ली, एका बाकावर, डब्यातून. कासवाचं मला काही वाईट वाटलं नाही. कासव दीर्घायुषी असतं.

४ मे, रविवार

पेशवे उद्यानात फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी. मी बाहेर पिशव्या सांभाळत उभी राहणार होते, माझ्या वयाला तेच शोभतं. सुशीलाबाई खिडकीपाशी गेल्या आणि ओरडल्या, "तुमचंबी तिकीट काढून राहिली!"

"काढून कुठे राहिलात? काढू नका!" मी म्हणेपर्यंत तिकीट हातात. हे त्यांचं 'करून राहिली, जाऊन राहिली' आता रोज कानावर पडतं. घर करून राहिलंय म्हणा ना. आमच्या बोलण्यात मी त्याच्या चुका काढते, त्या 'हाव' म्हणतात आणि पुन्हा तेच करतात.

आम्हाला त्यांनी शेवटच्या डब्यात, डाव्या बाजूला बसवलं. "वळणावर इथून इंजिन दिसते."

दिसलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"सांगितलं होतं एकानं."

नंदिनी म्हणते मी वळणावर मोठ्यानं हसले. मला आठवत नाही, पण तिनं फोटो काढला आहे आणि त्यात माझे दात दिसतात. सलिलनं तो फोटो ऑफिसमधून तीनदा मागवून घेतला. एकदा पुरला नाही का?

८ मे, गुरुवार

वळीव कोसळत होता, म्हणून यादीतला पावसाचा रकाना, म्हणजे केळकर संग्रहालय. मी दिवे आधी बघू म्हटलं. सुशीलाबाई आधी अडकित्त्यांकडे गेल्या. नाचणारीचे, घोड्याचे, पोपटाचे अडकित्ते. नंदिनीला एकेक दाखवत होत्या. "हा पाय. ह्यानं सुपारी कातरते, नाचता नाचता."

दीनानाथांना ह्या अडकित्त्यांचं फार कौतुक होतं. वर्षातून एकदा तरी म्हणायचे, चल, नाचणारीचा दाखवतो. मला प्रुफं असायची. दिवाळी अंकांची, पाठ्यपुस्तकांची, पंचांगाची. पंचांगात एक तिथी चुकली तर केवढा गोंधळ! अडकित्ता कुठे पळून जात नाही, असं म्हणायचे मी. तसा तो गेला नाहीच. आज काचेपाशी उभी राहिले आणि एकदम रडू आलं. सुशीलाबाईंनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. पिशवीत छत्री आणि पाण्याची बाटली होती, जड काहीच नव्हतं.

१७ मे, शनिवार

मधल्या दिवसांत पर्वती, तळजाई, संभाजी बाग, खडकवासल्याची कणसं, आणि शनिवारची सुट्टी धरून कात्रज. (वाघ हजर होता.) आज पहाटे मार्केट यार्डात फुलबाजार. फुकट, आणि वासासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. झेंडूच्या ढिगांत नंदिनी कमरेपर्यंत बुडाली. परतताना सुशीलाबाईंनी भाजीवाल्याला विचारलं, "सांबार ताजा आहे का?" तो म्हणाला, "काकू, सांबार उडप्याकडं. इथं भाजी." मी मध्ये पडले आणि ऐटीत सांगितलं, "त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एक जुडी द्या." भाषा कळणाऱ्या माणसाचा असा उपयोग असतो.

यादीतल्या नऊ जागा झाल्या. एकच उरली, मेट्रो. मेट्रो झाली की पुणं संपलं आणि सुशीलाबाईंना राहायला कारण उरलं नाही.

आज यादीत आणखी सहा जागा घातल्या. एम्प्रेस गार्डन, बनेश्वर वगैरे. मेट्रो सगळ्यांत शेवटी टाकली. अर्धवट यादी मला आवडत नाही, एवढंच कारण आहे.

२४ मे, शनिवार

आज मला फार आनंद झाला आहे. आधी आनंद लिहिते, मग कारण.

संध्याकाळी सुशीलाबाई गॅलरीत, वेताच्या खुर्चीत, यजमानांशी फोनवर बोलत होत्या. हिंमतराव एसटीतून निवृत्त झालेत, आर्वीला एकटे आहेत, स्वतः वरण-भात करतात. मला अर्धंच ऐकू येत होतं. सुशीलाबाई म्हणाल्या, "हाव, हाव. येऊन राहिली ना मी! किती डाव सांगू?"

म्हणजे झालं. त्यांनी नवऱ्याला स्पष्टच सांगून टाकलं. येऊन राहिली. एप्रिलमध्ये ह्याच दोन शब्दांनी मला रेशनकार्ड आठवलं होतं. आज तेच ऐकून मी देवाला साखर ठेवली. हिंमतरावही येतील हळूहळू. वरण-भात इथेही करता येतो.

माणूस राहायचं तर त्याला कपाटात जागा हवी. बॅगेतून कपडे काढत किती दिवस काढणार? माझ्या खोलीत दीनानाथांचं कपाट आहे. तीन वर्षं मी त्याचं दार उघडलेलं नाही. आज उघडलं. मधला कप्पा रिकामा केला. सहा शर्ट, दोन स्वेटर, मफलर, चष्म्याचं जुनं घर. शर्ट सलिलला दिले. त्यानं ते छातीशी धरले. मफलर मी ठेवला. कप्पा ओल्या फडक्यानं पुसला आणि नवा कागद घातला. वाटलं होतं जमणार नाही. काम झालं.

सुशीलाबाईंना उद्या सकाळी दाखवीन.

२५ मे, रविवार

सकाळी हॉलमध्ये दोन बॅगा भरून उभ्या. वर दोरीनं बांधलेली उशी.

"हे काय?"

"परवाची गाडी आहे ना जी. म्हटलं बांधाबांध करून ठेवू."

"पण तुम्ही हिंमतरावांना सांगितलंत ना, येऊन राहिली म्हणून? मी माझ्या कानांनी ऐकलं."

"हाव. आर्वीले येऊन राहिली, असं सांगितलं त्याईले."

मी श्रद्धाकडे बघितलं. तिला हसू आवरत नव्हतं आणि बिचारी आवरत होती. "अहो आई, आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे 'येतेय'. एवढंच. राहण्याचा काही संबंध नसतो त्यात."

छत्तीस वर्षं प्रुफं तपासली मी. पंचांगात तिथी चुकू दिली नाही. आणि घरात चालताबोलता वर्तमानकाळ फिरत होता, तो मी भूतकाळ म्हणून वाचला. त्या आल्याच होत्या जायला. राहायला येणारं कुणी नव्हतंच, ना एप्रिलमध्ये, ना काल. मला रागही आला आणि हसूही आलं, आणि सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. मी देवघरात जाऊन उगाच निरांजन घासत बसले.

सुशीलाबाई मागून आल्या. नंदिनीनं त्यांना सांगितलं असणार, कारण त्या माझ्या खोलीत गेल्या आणि उघड्या कपाटापुढे उभ्या राहिल्या. नव्या कागदावरून हात फिरवला. मग हॉलमध्ये जाऊन उशीची दोरी सोडली, उशी आणून त्या कप्प्यात ठेवली आणि दाबून बसवली.

"ही राहू द्या इथं," म्हणाल्या.

२६ मे, सोमवार

वाढवलेल्या सहा जागा मागच्या आठवड्यात उरकल्या. आज यादीतलं शेवटचं. नळस्टॉपला रिक्षानं गेलो, तिथून मेट्रो. स्टेशनाचे खांब उभे राहत होते तेव्हा दीनानाथ रोज संध्याकाळी बघून यायचे आणि आज किती काम झालं ते जेवताना सांगायचे. गाडी सुरू झाली मार्चमध्ये. ते गेले जानेवारीत. त्यांचं मेट्रोत बसायचं राहून गेलं.

आत शिरल्यावर सवयीनं सुशीलाबाईंना विचारलं, "कुठे बसायचं? कुठून चांगलं दिसतं?"

"हे मले नाई माहीत जी. हे त्याईनं नव्हतं दाखवलं."

"कुणी?"

त्यांनी नंदिनीला मांडीवर घेतलं आणि मग सावकाश सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी श्रद्धाचं लग्न ठरलं तेव्हा त्या आणि हिंमतराव पाच दिवस पुण्यात होते. दीनानाथांनी त्यांना सगळं फिरवलं. पाताळेश्वरातला खांब, फुलराणीचा शेवटचा डबा, नाचणारीचा अडकित्ता.

मला आठवलं. त्या आठवड्यात माझ्याकडे पंचांग होतं.

"प्रत्येक ठिकानी म्हनत जी, हे उल्काले दाखवाचं राहून गेलं. रिटायर झाली की आणीन." माझं नाव घेताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "श्रद्धा म्हने, अहो आई घराबाहेर पडत नाईत, तीन वर्षं झाले. मंग मी आली. मले तेवढंच माहीत होतं पुनं. त्याईनं दाखवलेलं."

म्हणजे मी त्यांना पुणं दाखवत नव्हते. यादी माझी होती आणि रस्ता त्यांना पाठ होता. सलिल, श्रद्धा, सगळ्यांना ठाऊक होतं. मला क्षणभर संताप आला, की घरातली सगळी मिळून मला फसवतात. पण डेक्कन गेलं, नदी आली, आणि संताप धरून ठेवायला वेळ मिळाला नाही.

"इकडे या," मी सुशीलाबाईंना म्हटलं. "उजवीकडे. इथून नदी चांगली दिसते." हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. माझं मीच शोधलं होतं.

२७ मे, मंगळवार

गेल्या. घर फार स्वच्छ दिसतंय आणि मला ते आवडलेलं नाही. दुपारी वेताच्या खुर्चीत बसून पाहिलं. पाय लांब करून बसता येतं.

३ जून, मंगळवार

सकाळी सुशीलाबाईंचा फोन. नंदिनीची शाळा सुरू व्हायला दहा-बारा दिवस आहेत, तिला घेऊन आर्वीला या म्हणाल्या. मी विचारलं, ऊन फार असेल ना? "असंल. मंग तुमाले समजंल, ऊन कायले म्हन्ते ते." तिथे बघायला काय आहे? म्हणाल्या, यादी हिंमतरावांनी करून ठेवली आहे. एसटीचा माणूस, त्यानं ती वेळांसकट केली आहे.

"मंग? येता?"

"मी येऊन राहिले," मी म्हटलं.

पलीकडे त्या खळखळून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पुन्याचं येऊन राहिले, का आमच्याकडचं?"

मी सांगितलं, ते तुम्ही तपासा. माझी प्रुफं बघायची नोकरी संपली.

संध्याकाळी बॅग भरली. नंदिनीचे फ्रॉक, माझ्या तीन साड्या, चितळ्यांची बाकरवडी, दीनानाथांचा मफलर. तिकडच्या उन्हात मफलरचं काय काम, ते मला विचारू नये. बॅगेत जागा उरली नाही, म्हणून उशी वेगळ्या पिशवीत घेतली. माझी.